पेशींवरची शर्करा खाल्लेल्या साखरेचा थर नाही

घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या आणि खारघर, नेरूळ भागांतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. आपण खातो ती साखर पेशीपटलातील (पेशीच्या बाह्य आवरणातील) मेदावर थरासारखी चिकटते, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी ‘आंधळ्या’ होतात, साखर, फळे आणि भात २१ दिवस बंद केल्यास तो थर निघून जातो आणि मग गँग्लिओसाइड घेतल्यास प्रतिकारशक्ती दुप्पट होते, असे त्यात म्हटले आहे. वास्तविक गँग्लिओसाइड हा स्वतःच शर्करायुक्त मेद आहे. ही विसंगती बाजूला ठेवली, तरी यातील एकही दावा टिकत नाही.

पहिला दावा चिकटण्याचा. पेशीपटलातील शर्करायुक्त मेद पेशी स्वतः घडवते. सेरामाइड या मेदाला आधी ग्लुकोज, मग गॅलॅक्टोज आणि गँग्लिओसाइड घडवायचे असल्यास सायलिक आम्ल ही शर्करा जोडली जाते. या जोडण्यांसाठी वेगवेगळी विकरे (एन्झाइम) असतात आणि कोणत्या पेशीत कोणते विकर असावे, याचे नियंत्रण जनुकांकडे असते. जेवणात साखर नसली तरी यकृत ग्लुकोज तयार करतेच. रक्तातील ग्लुकोज विकराविना हिमोग्लोबिनला चिकटते हे खरे, एचबीए१सी ही तपासणी त्यावरच आधारलेली आहे. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची जंतू मारण्याची क्षमता घटते हेही खरे. पण ग्लुकोज असे आपोआप चिकटण्याची प्रक्रिया निराळी आहे, आणि विकरांनी घडवलेल्या शर्करायुक्त मेदाशी तिची सरमिसळ केल्यामुळेच संदेश शास्त्रीय वाटतो.

पेशी आंधळ्या होतात हा दावा मला सर्वांत दिशाभूल करणारा वाटतो. उलट प्रतिकारक पेशींच्या कामाला हे मेद लागतात. न्यूट्रोफिलच्या पटलावरील लॅक्टोसिलसेरामाइड या शर्करायुक्त मेदाचे पुंजके जंतूंच्या आवरणातील काही शर्करा ओळखतात आणि लिन या विकराद्वारे जंतू गिळण्याचा संदेश आत पोहोचवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की जीएम३ हे गँग्लिओसाइड घडवणारे विकर नसलेल्या उंदरांत सीडी४ टी-पेशींचा (इतर प्रतिकारक पेशींना मदत करणाऱ्या) प्रतिसाद मंदावतो, तर त्यापुढची गँग्लिओसाइडे घडवणारे विकर नसल्यास सीडी८ टी-पेशींचा (बाधित पेशी मारणाऱ्या). म्हणजे या दोन प्रकारच्या टी-पेशींना कामासाठी वेगवेगळी गँग्लिओसाइडे लागतात. एनकेटी या आणखी एका प्रकारच्या प्रतिकारक पेशी तर सीडी१डी या रेणूवर मांडलेले शर्करायुक्त मेदच ओळखतात, आणि त्यांना चेतवणाऱ्या अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइडचा शोध समुद्री स्पंजावरील संशोधनातून लागला. अशा मेदामुळे काही झाकले जातच नाही, असेही नाही: २०२१ च्या एका अभ्यासानुसार काही लांब शर्कराशृंखला असलेले मेद पेशीवरील एचएलए रेणूंना (ज्यांच्यावरून टी-पेशी बाधित पेशी ओळखतात) झाकून टी-पेशींचा प्रतिसाद कमी करतात. मात्र तेथेही मूळ कारण विकरांच्या नियंत्रणातील बदल हे होते, आहारातील साखर नव्हे.

थर निघून जाण्याबाबत एवढेच सांगतो, की ग्लुकोसिलसेरामाइड (सेरामाइडला ग्लुकोज जोडून बनणारा मेद) घडवणारे विकर नसलेले उंदीर गर्भावस्थेतच मरतात, म्हणजे हा मेद जगण्यासाठीच लागतो. उलट गोशे या आनुवंशिक आजारात हाच मेद मोडणारे विकर कमी पडते, तो मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत साठतो आणि प्लीहा वाढते. त्यावर प्रामुख्याने शिरेतून विकर दिले जाते. गोड बंद करून तो साठा जात नाही.

गँग्लिओसाइडच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गिलेन-बॅरे सिंड्रोमचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतांवर, म्हणजे नसांवर, हल्ला करते असा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता. त्याच्या आवरणातील शर्करा आपल्या चेतांवरील गँग्लिओसाइडांसारखी असल्याने जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे चेतांवरही हल्ला करू शकतात. युरोपात गाईच्या मेंदूपासून काढलेल्या गँग्लिओसाइडांची इंजेक्शने दिल्यानंतर याच आजाराचे रुग्ण नोंदले गेले आणि काही देशांनी ते औषध थांबवले. तोंडावाटे घेण्याची गोष्ट निराळी असली, तरी ‘दुप्पट’ हा शब्द निरर्थकच आहे, कारण प्रतिकारशक्ती मोजणारे एकच एक माप अस्तित्वात नाही.

आपल्या इमारतीत इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगावे: औषधाची मात्रा तीच ठेवून भात आणि फळे अचानक बंद केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून आहारातील असा बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा.