शंभर ग्रॅम आणि आपल्याच ग्रुपवरचा मेसेज

तालमीतल्या जुन्या पोरांच्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात विनेश फोगटवरचा एक मेसेज पुन्हा फिरला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम कुस्तीच्या दिवशी 100 ग्रॅम जास्त वजनामुळे अपात्र ठरली, तीच ही कुस्तीगीर. कुस्तीशी संबंध नसलेल्या कुणी पाठवला असता तर सोडून दिला असता. पण शुक्रवार पेठेत माझ्याबरोबर एकाच हौद्यात घाम गाळलेल्या माणसांनी त्याला अंगठे दाखवले, म्हणून लिहितोय. मेसेज असा: ‘विनेश कुस्तीत काही जिंकली नाही. ट्रायल न देता दुसरीची जागा बळकावून पॅरिसला गेली. सहानुभूतीसाठी वजन मुद्दाम वाढवलं. दिल्लीचं आंदोलन तिकिटासाठीच होतं. आमदारकी मिळाली, कुस्ती सुटली.’

‘काही जिंकली नाही.’ राष्ट्रकुल स्पर्धेत 2014, 2018 आणि 2022 अशी सलग तीन सुवर्णपदकं, तीही 48, 50 आणि 53 अशा तीन वेगळ्या वजनगटांत. 2018 ला जकार्तात आशियाई सुवर्ण. भारताच्या कुठल्याही महिला कुस्तीगीराने त्याआधी ते मिळवलेलं नव्हतं. जागतिक स्पर्धेत 2019 आणि 2022 ला कांस्य. 2019 च्या ज्या नूर-सुलतानच्या स्पर्धेत आपल्या राहुल आवारेने कांस्य आणलं म्हणून आपण पेढे वाटले, तिथेच तिनेही आणलं होतं. ऑलिम्पिक पदक मात्र तिच्याकडे नाही. रिओत गुडघा गेला आणि स्ट्रेचरवरून बाहेर आली, टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत हरली. पण यावरून ‘काही जिंकली नाही’ म्हणायचं असेल, तर आपल्या तालमीच्या भिंतीवरचे किती फोटो उतरवावे लागतील ते मोजा.

‘ट्रायल न देता.’ इथे दोन वर्षांच्या दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. 2023 च्या आशियाई स्पर्धेसाठी तिला आणि बजरंग पुनियाला चाचणीशिवाय थेट प्रवेश दिला गेला, हे खरं आहे. 53 किलोत अंतिम पंघालसारखी तयारीची मुलगी उभी होती, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिची याचिका फेटाळली गेली. तो निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. पुढे विनेशचा गुडघा दुखावला, तिने माघार घेतली, अंतिम हांगझोऊला गेली आणि कांस्य घेऊन आली.

पॅरिसचं मात्र तसं नाही. 53 किलोचा कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली देशाची जागा, अंतिमने जागतिक स्पर्धेत मिळवला होता आणि त्या गटात पॅरिसला तीच गेली. विनेशने मार्च 2024 मध्ये पतियाळाला 50 आणि 53 अशा दोन्ही गटांत चाचणी दिली. 53 मध्ये ती हरली, 50 मध्ये जिंकली. मग एप्रिलमध्ये बिश्केकला आशियाई पात्रता स्पर्धेत अंतिम फेरी गाठून 50 किलोचा कोटा तिने स्वतः मिळवला. यात बळकावलेली जागा कुणाची?

‘वजन मुद्दाम वाढवलं.’ हे आपल्या माणसांनी पुढे पाठवावं, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. वजन तोडणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. स्वेटर घालून उन्हात पळणं, घोटभर पाण्यासाठी तरसणं, थुंकून थुंकून तोंड कोरडं पाडणं, हे आपण केलंय. फरक एवढाच की आपण एकदा काट्यावर उभे राहिलो की सुटायचो. 2018 पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत एक वजनगट दोन दिवस चालतो आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. पॅरिसमध्ये 6 ऑगस्टला सकाळी ती 50 च्या आत होती. त्या दिवशी पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी. ऑलिम्पिक विजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत त्याआधी कधी न हरलेली. विनेश 0-2 ने मागे होती, शेवटच्या काही सेकंदांत तिने सुसाकीला खाली घेतलं आणि 3-2 ने कुस्ती मारली. मग युक्रेनची लिवाच, मग क्यूबाची गुझमान. तीन कुस्त्या लढायच्या तर पाणी आणि अन्न पोटात जाणारच. संध्याकाळी काटा मर्यादेच्या 2.7 किलो वर होता. रात्रभर पळणं, सौना, झोप नाही, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. तरी 100 ग्रॅम राहिले.

अंतिम फेरीत पोचल्यावर रौप्य तर खिशात होतं. नियम असा की वजनात नापास झालं की आधीच्या सगळ्या कुस्त्या पुसल्या जातात आणि नाव तळाला जातं. सहानुभूतीसाठी हातातलं रौप्य टाकून शेवटचा नंबर घेणारा पैलवान तुम्ही पाहिलाय का?

ही चूक झालीच नाही, असं मी म्हणत नाही. 53 ची मुलगी 50 मध्ये उतरली तेव्हाच हा धोका पत्करला होता. 2016 च्या एका पात्रता स्पर्धेत मंगोलियात ती 400 ग्रॅमने बाद झाली होती, म्हणजे अनुभवही होता. वजनाची जबाबदारी तिची आणि तिच्या कोचची. क्रीडा लवादानेही तिचं अपील फेटाळलं. चुकली म्हणा, गणित बिघडलं म्हणा, मला मान्य आहे. मुद्दाम केलं म्हणू नका.

‘आंदोलन तिकिटासाठी.’ पैलवान जंतरमंतरवर बसले जानेवारी 2023 मध्ये. विनेश काँग्रेसमध्ये गेली 6 सप्टेंबर 2024 ला, मधे वीस महिने. जानेवारीत माकपच्या नेत्या वृंदा करात आल्या तेव्हा पैलवानांनी त्यांना मंचावरून खाली जायची विनंती केली होती. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगीरांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून दिल्ली पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं आणि मे 2024 मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं वेगळं प्रकरण 2025 मध्ये बंद झालं, तेही सांगितलं पाहिजे. सिंह यांनी आरोप नाकारलेले आहेत. पण ‘तिकिटासाठी’ म्हणताना तक्रार करणाऱ्या बाकीच्या मुलींना आपण खोटं ठरवतो. त्यांना कुणी तिकीट दिलं?

आणि पैलवानाने राजकारणात जाणं पुण्याला कधीपासून खटकायला लागलं? आपले खासदार मुरलीधर मोहोळ कोल्हापूरला कुस्ती शिकले. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील सांगलीतून लोकसभा लढले. विनेशची चुलत बहीण बबिता 2019 ला भाजपच्या तिकिटावर उभी राहिली, योगेश्वर दत्तही. त्यांच्या पदकांचा हिशेब तेव्हा कुणी मागितला नाही. हरियाणातला जुलाना हा विनेशच्या सासरचा मतदारसंघ. तिथे ती 6,015 मतांनी निवडून आली, तेही राज्य भाजपकडे गेलेलं असताना. आमदार म्हणून ती काय करते, यावर तिला खुशाल झोडपा. तो वेगळा आखाडा आहे.

‘कुस्ती सुटली.’ निवृत्ती तिने अपात्र ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर केली, पक्षप्रवेशाच्या महिनाभर आधी. डिसेंबर 2025 मध्ये, आई झाल्यावर, ती निवृत्ती मागे घेऊन 2028 च्या लॉस एंजेलिससाठी तयारी करणार असल्याचं तिने सांगितलं.

माझी पुतणी 50 किलोत खेळते. हा मेसेज तिने माझ्या फोनवर वाचला आणि विचारलं, “काका, एका रात्रीत पावणेतीन किलो उतरवता येतं का?” मी तिला माझं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी दीड किलोसाठी मी रात्रभर सारसबागेभोवती पळालो होतो, सकाळी काट्यावर चढताना वस्तादांनी दंडाला धरलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन द्यायचं नव्हतं, म्हणून निभावलं.

ज्याने मेसेज टाकला त्याच्याही वजनाच्या वेळी मीच पाण्याची बाटली घेऊन बाहेर उभा होतो. त्याने निदान ‘मुद्दाम’ आणि ‘ट्रायल न देता’ या दोन ओळी तरी आज ग्रुपवरून मागे घ्याव्यात.