विद्यापीठ चालवायचंय? अगदी सोपं आहे

गेल्या मंगळवारी माझ्या टेबलावर एक फॉर्म येऊन पडला. विषय : इतिहास. रकाना सातवा : 'या अभ्यासक्रमाचा ग्राहक कोण?' रकाना आठवा : 'विद्यार्थ्याच्या गुंतवणुकीवर अपेक्षित परतावा (आकड्यात लिहावा).' आकड्यात म्हणाले म्हणून मी १७८९ लिहिलं, फ्रेंच राज्यक्रांतीचं साल. दोन दिवसांनी फॉर्म परत. शेजारी पेन्सिलीने शंका : 'रक्कम की टक्केवारी?'

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं शिकवत बसलो, पण धंदा म्हणून कधी बघितलंच नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

आधी काचेची इमारत बांधा. ग्रंथालयाचं नंतर बघू.

प्राध्यापक तासावर घ्या. पुढच्या सत्राची खात्री नसलेला माणूस बैठकीत तोंड उघडत नाही.

फी वाढवताना धीर धरा. इंग्लंडकडून शिका. १९९८ साली वर्षाला कमाल एक हजार पौंड, २००६ साली तीन हजार, २०१२ साली नऊ हजार. चौदा वर्षांत नऊपट. ज्ञान किती पट झालं, हा प्रश्न विचारणाऱ्याला परतावा कळत नाही असं समजावं.

संशोधन विकणार असेल तरच करा. इन्सुलिनचं पेटंट ज्यांच्या नावावर होतं, त्यांनी १९२३ साली ते टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. काय म्हणावं या लोकांना! अमेरिकेने १९८० साली बे-डोल कायदा करून व्यवहार सुधारला : सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकीही विद्यापीठाला ठेवता येते. म्हणजे खर्च जनतेचा, परवाना कंपनीचा, आणि औषध पुन्हा त्याच जनतेला, छापील किमतीत.

रँकिंगकडे दुर्लक्ष नको. शिकवणं सुधारायला वर्षं लागतात, आकडे एका दुपारीत सुधारतात. फक्त घरचा भेदी सांभाळा. कोलंबिया विद्यापीठ अमेरिकी क्रमवारीत दुसरं होतं. २०२२ साली त्यांच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने विद्यापीठाने पाठवलेले आकडे तपासायला घेतले. शेवटी विद्यापीठाला चुका कबूल कराव्या लागल्या आणि पुढच्या यादीत नंबर आला अठरावा. तात्पर्य, गणित विभाग बंद केलेला बरा.

आता मुख्य गोष्ट, फीडबॅक. प्रत्येक सत्राच्या शेवटी मुलांकडून तारे मागवा. मला एका मुलाने दोन दिले होते. कारण : 'सर फार वाचायला लावतात.' मग बैठकीत पडद्यावर आमच्या विभागाच्या आलेखाचे खांब झळकले. सगळे हिरवे, माझा तेवढा लाल. 'सर, थोडं सॉफ्ट घ्या ना,' असं मला सांगण्यात आलं. सांगणारा माझाच जुना विद्यार्थी.

खोटं कशाला बोलू, मी सॉफ्ट घेतलं. फ्रेंच राज्यक्रांती ठेवली, तिच्यातलं दहशतीचं पर्व गाळलं. ते प्रकरण अवघड आहे. कालपर्यंत ज्यांच्या बाजूने आपण वाचत होतो तीच माणसं गिलोटिनकडे, म्हणजे मुंडकी उडवणाऱ्या यंत्राकडे, गाड्या धाडायला लागतात, वर्गात कुणालाच धड बाजू घेता येत नाही, मुलं चिडतात, एखादी रडकुंडीला येते. ते काढून टाकलं आणि साडेचार तारे पडले. टाळ्यासुद्धा झाल्या.

गंमत म्हणजे विद्यार्थी मालक असणं ही काही नवी कल्पना नाही. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थीच शिक्षक नेमायचे, पगार द्यायचे आणि दंडही ठोकायचे. उशिरा आलात, दंड. प्रकरण गाळलंत, दंड. अवघड मुद्दा तासाच्या शेवटावर ढकलायलाही बंदी! पैसे मोजणाऱ्या त्या पोरांना अवघड भाग हवा होता, त्यासाठीच तर ती आली होती. तिथे मला दंड झाला असता. इथे माझा सत्कार झाला.

कसला सल्ला देतोय मी? अहो, ज्याला ग्राहक म्हटलं त्याला 'तुझं चुकतंय' असं सांगायची सोय उरत नाही, आणि आमचं कामच ते होतं. तुम्ही पालक पहिल्या दिवशी येऊन विचारता, पॅकेज किती? मूल काय वाचतंय हे तीन वर्षांत एकदा तरी विचारलंत? तुम्ही अधिकारी, स्वतःचं शिक्षण फुकट किंवा जवळपास फुकट झालेले, आज दुसऱ्याच्या पोराला कर्जाचे हप्ते समजावून सांगता. लाज वाटत नाही? आणि आम्ही मास्तर तर सगळ्यांवर कडी. वरून हुकूम यायच्या आधीच वाकलो. मला प्रकरण गाळायला कुणी लेखी सांगितलं नव्हतं.

तो फॉर्म अजून टेबलावर आहे. सातव्या रकान्यात 'कोणीही नाही' असं पेनाने लिहून उद्या देतोय. आणि सोमवारी दहशतीचं प्रकरण घेणार आहे, पूर्ण. द्या दोन तारे.