खुलासा: २५ मिनिटांचा आकडा विज्ञानातून आलेला नाही

'मेंदू २५ मिनिटंच एकाग्र राहतो, हे शास्त्राने सिद्ध केलंय. तेवढ्याने उठाच' असा मेसेज परीक्षेच्या तोंडावर फिरतोय. तसं काही नाही. हा आकडा पोमोडोरो (इटालियनमध्ये टोमॅटो) पद्धतीतला: टायमर लावून २५ मिनिटं काम करायचं, मग थोडी विश्रांती घ्यायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेतला, आधी जेमतेम १० मिनिटं नेटाने बसायचं ठरवलं आणि पुढे करून बघत २५वर स्थिरावला. प्रयोगशाळा वगैरे काही नव्हती. चालढकल करणाऱ्याला ही पद्धत लागू पडते, कारण काम आटोक्यातलं वाटतं. पण गणितं धडाधड सुटत असताना निव्वळ घंटी वाजली म्हणून वही मिटायची? काही गरज नाही. आणि पुस्तक उघडायचाच कंटाळा असेल, तर पाच मिनिटांचा गजर लावा, तोही चालतो.