उलटा पिन टाकला की पोलीस येतात म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एटीएमवर चोराने गाठलं तर घाबरू नका, पिन उलटा टाका, म्हणजे १२३४ असेल तर ४३२१, मशीन पैसे सोडेल पण नोटा अर्ध्यातच अडकतील आणि पोलिसांना आपोआप खबर जाईल, ही सोय प्रत्येक मशीनमध्ये आहे पण बँका सांगत नाहीत. शिवाय कार्ड घालायच्या आधी कॅन्सल दोनदा दाबा, पिन चोरीला जाणार नाही. खाली नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त शेअर करा'.

करा की शेअर, पण आधी हे वाचा.

उलटा पिन. अहो मशीनला तुमचा पिन माहीतच नसतो. तुम्ही बटणं दाबता तेव्हा कीपॅडच्या आतच तो एन्क्रिप्ट होतो, तसाच कुलूपबंद बँकेकडे जातो, तिकडे तपासला जातो आणि मशीनला उत्तर येतं, बरोबर किंवा चूक, बास. ४३२१ टाकला तर उत्तर 'चूक'. असं दोनतीनदा झालं की कार्ड ब्लॉक, आणि पाठीला चाकू लावून उभा असलेला माणूस तोवर काय शांतपणे बघत राहणार आहे का? बरं ज्यांचा पिन १२२१ किंवा ५५५५ आहे त्यांचं काय? चार आकड्यांचे एकूण १०,००० पिन होतात, त्यातले १०० उलटे केले तरी तेच राहतात. ही मंडळी दरवेळी पैसे काढताना पोलीस बोलावणार बहुतेक.

'बँका लपवतात' हे सगळ्यांना आवडतं. लपवायला काहीतरी असावं तर लागतं ना! कल्पना मात्र खरीच होती, अमेरिकेत जोसेफ झिंगर नावाच्या माणसाने अशा उलट्या पिनचं पेटंट घेतलं होतं, १९९८ साली. पुढे २००९ च्या क्रेडिट कार्डांच्या कायद्यात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेला, या प्रकाराचा अभ्यास करायला सांगितलं, आणि २०१० च्या त्यांच्या रिपोर्टात सरळ लिहिलंय की अशी सोय कुठल्याच एटीएमवर कधी बसवली गेली नाही. एक मोठी शंका अशी की घाबरलेल्या माणसाला पिन उलटा आठवणार कसा. मी घरी सोफ्यावर बसून माझा उलटा म्हणून बघितला, तिसऱ्या आकड्याला अडखळलो, आणि मला तर कुणी धमकावतही नव्हतं. आमच्या मामांनी यावर उपाय शोधलाय, त्यांनी उलटा पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवलाय. उलटा आहे ना, कुणाला कळणार नाही म्हणाले!!

कॅन्सलचं दोन वाक्यात संपतं. पिन चोरणारे लोक कार्डाच्या खाचेवर स्किमर, म्हणजे कार्डावरची माहिती चोरून वाचणारं यंत्र, चिकटवतात आणि वर बारीक कॅमेरा नाहीतर खऱ्या कीपॅडवर खोटा कीपॅड बसवतात, या वस्तू मशीनच्या आतल्या यंत्रणेला जोडलेल्याच नसतात, मग मशीनचं बटण दोनदा दाबा नाहीतर वीसदा, त्यांना काय फरक पडतो. दुसऱ्या हाताने कीपॅड झाका, खाच जरा हलवून बघा, सैल लागली तर तिथून निघा.

आता 'नोटा अडकतील' वाला मुद्दा, आणि खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो ते याच्यासाठीच. बाकीचं चुकीचं आहे, हे घातक आहे. नोटा किंवा कार्ड अडकणं ही चोरांचीच जुनी युक्ती आहे. नोटा बाहेर येतात तिथे चिकट पट्टी नाहीतर खोटं झाकण लावतात, पैसे आतच राहतात, आपण वैतागून निघून जातो आणि मागून कुणीतरी येऊन ते काढून घेतो. कार्डाचंही तसंच, खाचेत एक पट्टी घातलेली असते, कार्ड आत जातं ते बाहेरच येत नाही, आणि नेमका तेव्हाच मागे एक भला माणूस उभा असतो, "माझंही काल असंच झालं, पिन परत टाकून बघा, येईल." तुम्ही टाकता, तो बघतो. कार्ड येत नाही, तुम्ही जाता, तो पट्टीसकट कार्ड काढतो आणि पिन तर तुम्ही त्याच्यासमोरच दाबलेला असतो. आता ज्याने हा फॉरवर्ड मनावर घेतलाय त्याला अडकलेल्या नोटा दिसल्या की तो धोका समजणारच नाही, उलट पोलीस निघालेत म्हणून निवांत होईल.

काही अडकलं तर जागा सोडू नका, कुणाच्या सांगण्यावरून पिन परत टाकू नका, तिथेच उभं राहून बँकेला फोन करून कार्ड बंद करा. भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर लावू नका, तो कुणी चिकटवलाय देव जाणे. आणि खरोखर कुणी चाकू काढलाच तर सरळ पिन टाका, पैसे द्या, सुटलात की मग पोलीस आणि बँक.

हां, बँकेचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण आपण सगळे म्हणतो कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि त्या वेळी कार्ड मशीनच्या पोटात असतं.