क्रियापद येईपर्यंत

उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. म्हणजे मराठी वृत्तवाहिनीवरची रात्री नऊची चर्चा स्टुटगार्टला आमच्या घरात साडेपाचला सुरू होते, कांदा चिरायच्या वेळेला. एरवी मी मोबाइल ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ती ऐकतो. 2025च्या मे महिन्यात आई आणि अण्णा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले आणि ती दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लागायला लागली, पूर्ण आवाजात. पडद्यावर सहा चौकोन, खाली धावती पट्टी, त्या पट्टीवर आणखी एक पट्टी, कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘महासंग्राम’. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? घरात भांडण पेटलंय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, भांडण नाही, प्राथमिक शिक्षणावर चर्चा चालू आहे. त्या ‘अच्छा’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या, पण जाताना एकदा मागे वळून पाहिलंच.

विषय बहुतेकांना आठवत असेल. 16 एप्रिलला राज्य सरकारने शासन निर्णय काढून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. गदारोळ झाला. 17 जूनला सुधारित निर्णय आला, त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि त्याच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आलं. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली आणि 5 जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. आई-अण्णांच्या मुक्कामातला निम्मा काळ यातच गेला. आईला ब्लॅक फॉरेस्ट, इथलं काळं जंगल, बघायचं होतं. अण्णा म्हणायचे, साडेपाचच्या आत परत येणार असू तर जाऊ.

या चर्चा ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवायची. जर्मनच्या वर्गात आमच्या बाईंनी सांगितलं होतं की जर्मन माणसाला बोलताना मध्येच तोडता येत नाही, कारण गौण वाक्यात त्याचं क्रियापद अगदी शेवटी येतं, आणि ते येईपर्यंत तो नेमकं काय म्हणतोय हे कळत नाही. वर्गातली स्पॅनिश मुलं हवालदिल झाली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपलंही तसंच आहे. उलट आपला तर नकारही क्रियापदाच्या मागे उभा असतो. आता हे ऐका: ‘आमच्या पक्षाची पहिल्या दिवसापासूनची भूमिका अशी आहे की महाराष्ट्रातल्या कुठल्याही लेकरावर कुठलीही भाषा लादली…’ इथे अँकर तोडतो. लादली जाणार की जाणार नाही, हे त्या प्रवक्त्याबरोबरच वाहून जातं. दुसरा चौकोन मोठा होतो, त्यातले गृहस्थ ‘तुमच्याच सरकारने त्या वेळी समिती नेमून…’ इथवर येतात आणि तेही बुडतात. एका संध्याकाळी मटार सोलता सोलता मी वीस मिनिटं मोजदाद केली. पूर्ण झालेली वाक्यं अकरा. त्यातली सात अँकरची. त्या सातांतली चार ‘एक मिनिट थांबा’.

लोक म्हणतात, हे सगळं टीआरपीमुळे. मलाही तसंच वाटायचं. पण ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं बंद झालं होतं, ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. जवळजवळ दीड वर्ष कुणाला किती प्रेक्षक हे अधिकृतपणे सांगणारं काहीच नव्हतं. तेव्हा आवाज खाली आला होता का? मी त्या काळात करोनामुळे घरातच बसून होतो आणि रोज बघत होतो. नव्हता आला. मला वाटतं, खरं कारण जास्त रुक्ष आहे: जतला किंवा गडचिरोलीला बातमीदार आणि कॅमेरा पाठवायला पैसे पडतात, सहा माणसांना आपापल्या घरून लॅपटॉपसमोर बसवायला जवळजवळ काहीच पडत नाही. आणि मग ओरडणं ही सवय होते, चहासारखी.

जतचं नाव उगाच नाही घेतलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळांचे केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले, शेवटची नऊ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. सीमेवरची गावं, घरी कन्नड बोलणारी पोरं, कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. शासन निर्णय हा अण्णांचा आयुष्यभराचा खुराक. 17 जूनचा निर्णय त्यांनी चर्चा चालू असतानाच मोबाइलवर उतरवून घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ‘प्रस्तावना’पासून ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’पर्यंत वाचून काढला. त्याचा संकेतांकही त्यांनी मोठ्याने वाचला, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मग एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस मुलांनी ती मागितली पाहिजे, तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती ऑनलाइन शिकवली जाईल.

“वर्गात वीस?” अण्णा म्हणाले. “अरे, माझ्या केंद्रात दोन शाळांचा अख्खा पट अठरा होता. पहिली ते चौथी मिळून. आणि ऑनलाइन म्हणे. तिथं फोन लावायला टेकडीवर जावं लागायचं.”

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत. म्हणजे त्या एका ओळीने ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाचा खरा अर्थ सांगून टाकला होता. पडद्यावर सहा जण होते. एकाने छत्रपतींचं नाव घेतलं, एकाने राष्ट्रीय एकात्मतेचं, तिसऱ्याने पहिल्याच्या मुलांच्या इंग्रजी शाळेचं. वीसचा आकडा आम्ही बघितला तेवढ्या वेळात कुणीही उच्चारला नाही. अण्णा शेवटपर्यंत वाट बघत राहिले. मग म्हणाले, “यांना वाचायला दोन पानं जड झाली.”

अण्णांना मी त्या रात्री आमच्याकडची एक गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. आम्ही राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पूर्वी पहिलीपासूनच परकीय भाषा शिकवत. 2018 पासून ती तिसरीवर नेली. वाचलेले तास जर्मन आणि गणिताला दिले, कारण मुलांचं त्यातच कच्चं राहत होतं. माझी लेक पहिलीत आहे. शाळेत फक्त जर्मन, घरी मराठी, इंग्रजी अजून दोन वर्षांनी. अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वही सुटलेली नाही.

आता माझ्या अडचणीची बाजू. या वादात परदेशी मराठी माणूस हा मोठा कामाचा प्राणी असतो. जून-जुलैच्या सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, आणि मग प्रत्येक चर्चेत एक वाक्य येऊ लागलं, आणि हे मात्र क्रियापदासकट पूर्ण व्हायचं: ‘जर्मनीत गेलात की जर्मन शिकता ना, मग इथे मराठी का नाही?’ पहिल्यांदा ते आलं तेव्हा अण्णा, आई आणि माझी बायको, तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी जर्मनीचा अधिकृत प्रतिनिधी असल्यासारखं.

तर खरं सांगतो. मी पहिली चार वर्षं जर्मन शिकलो नाही. ऑफिस इंग्रजीत चालायचं, दुकानात बोटाने दाखवायचं, घरी मराठी. नंतर शिकलो ते दोन कारणांनी: लेकीच्या बालवाडीतल्या बाई इंग्रजीत एक शब्द बोलत नसत, आणि कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला बी-वन पातळीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रात संध्याकाळचे वर्ग होते, परवडणारे, ठरावीक वेळेचे. एका सरकारी कार्यालयातल्या बाईंनी माझ्याशी इंग्रजीत बोलायला साफ नकार दिला होता. तोंड एवढंसं करून परत आलो. राग आला. पण कुणी थोबाडीत मारली नाही. आणि मुंबईत रिक्षा चालवायला आलेल्या माणसाला रात्री आठनंतर मराठी शिकायचं म्हटलं, तर त्याने कुठे जायचं? असा वर्ग मुंबईत मला तरी कुणी दाखवला नाही. मराठी शिकलीच पाहिजे, या मताचा मी आहे. फक्त माझं उदाहरण द्यायचं तर अर्धं देऊ नका.

हे मी आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलं. सात मिनिटांत अॅडमिनचा संदेश आला: ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत. गणेशोत्सवाच्या मोदकांची नोंदणी सुरू आहे.’ मग नेहमीप्रमाणे चौघांनी खासगीत लिहून वाद घातला.

अण्णांना म्हटलं, एकदा इथली चर्चा बघा. एका रविवारी रात्री पावणेदहाला, बाहेर अजून संधिप्रकाश असताना, त्यांना सार्वजनिक वाहिनीसमोर बसवलं. मी शेजारी बसून भाषांतर करत होतो. ते तसं सोपं जातं, दोन्हीकडे क्रियापद शेवटी. गोल टेबल, पाण्याचे ग्लास, मोजकी माणसं. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, एखादा कागदावर काहीतरी टिपून घेतो. ‘हार्ट आबर फेअर’ नावाची इथली एक चर्चा आहे, तिने पाहुण्यांनी केलेले दावे तपासून दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर टाकायची पद्धत पाडली. अण्णा खूश झाले. “बघ,” म्हणाले, “कसं सभ्य!”

इथे मला त्यांना थोडं थांबवावं लागलं. कारण त्या रात्रीचा विषय मी होतो.

म्हणजे मीच असं नाही. बाहेरून आलेले लोक. इथल्या चर्चांत हा विषय सारखा येतो, आणि 2025 मध्ये नवं सरकार आल्यापासून जास्तच. मे महिन्यातच मंत्रिमंडळाने ठरवलं होतं की चांगलं जर्मन बोलणाऱ्या, रुळलेल्या परदेशी माणसाला तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची जेमतेम वर्षभरापूर्वीची सवलत काढून टाकायची. टेबलाभोवती बसलेली मंडळी फार शांतपणे बोलत होती. किती यावेत, कोण यावेत, कुणाला परत न्यावं. परत पाठवण्याला इथे जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘माघारी नेणं’ असा होतो, वाट चुकलेल्या मुलाला घरी पोचवावं तसा. त्या टेबलाशी बाहेरून आलेलं एकही माणूस नव्हतं. तीच चार-पाच माणसं आठवडाभर या वाहिनीवरून त्या वाहिनीवर फिरत असतात, याबद्दल जर्मन लोकच कुरकुर करतात. आणि ती वाक्यं अशी लांबलचक, नम्र, नीट बांधलेली, की ‘जे लोक आपल्या देशात काम करतात, कर भरतात, ज्यांची मुलं इथल्या शाळांत जातात, त्यांना आपण…’ इथवर येऊनही मला कळत नाही की आपल्याला ठेवणार आहेत की पाठवणार. इथे कुणी तोडत नाही. क्रियापद येतंच. ते येईपर्यंत मी सोफ्याच्या कडेला बसलेला असतो.

आपल्याकडच्या आरडाओरड्यात निदान एवढं असतं, की कुणीतरी कुठून तरी फोनवरून चर्चेत येतं आणि ‘अहो साहेब, इथं शाळेला छप्पर नाही’ असं ओरडून जातं. लगेच आवाज कापतात, पण तेवढं छप्पर ऐकू येतं. मला दोन्हींतलं काय बरं, हे खरंच ठरवता येत नाही. एका देशाच्या चर्चेत मला मत द्यायचं तर विमान पकडायला हवं. 2011 पासून अनिवासी भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण बटण दाबायला स्वतः मतदान केंद्रावर जावं लागतं. दुसऱ्या देशाच्या चर्चेत मला मतच नाही. पैसे मात्र आहेत. 2025च्या हिशेबाने दर महिन्याला 18.36 युरो, म्हणजे तेव्हाच्या 1,800 रुपयांच्या आसपास, घरटी वर्गणी, टीव्ही असो वा नसो. ती सार्वजनिक वाहिन्यांना जाते. पहिली दोन वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली. आता भरतो, कारण त्याच पैशामुळे त्या वाहिन्यांवर रात्री आठनंतर आणि रविवारी दिवसभर जाहिराती नसतात, आणि ‘ब्रेकनंतर बघू’ म्हणून कुणाचा घास तोंडातून काढून घेत नाहीत.

हे मी अण्णांना सांगणारच होतो. चर्चेला चाळीस मिनिटं झाली होती, गळाबंद स्वेटर घातलेले एक गृहस्थ एका दीर्घ वाक्यात शिरले होते, आणि अण्णा मघापासून चुळबुळ करत होते.

“अरे, यांची जाहिरात कधी लागते?”

“लागत नाही अण्णा.”

“एकही?”

“एकही नाही.”

“मग माणसानं लघवीला जायचं कधी?” म्हणत ते उठले आणि पॅसेजमधला दिवा शोधत गेले. फ्लशचा आवाज आला, मग नळाचा. टॉवेलला हात पुसत परत आले, खुर्चीत बसले.

“काय ठरलं मग? ठेवणार की पाठवणार?”

“थांबा,” मी म्हटलं, “अजून बोलतोय.”