सही झाली की नैतिकता झाली

भाषेवरच्या पीएच.डी.साठी सोलापूर निवडलंत, उत्तम केलंत. इथे एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी कानावर पडते, आणि पूर्व भागातल्या बायका विड्यांबरोबर एकेका वाक्यात दोन-दोन भाषा वळतात. असा डेटा पुण्यात बसून मिळायचा नाही.

आता नैतिकता. ती संमतीपत्रात असते. फॉर्म इंग्रजीत ठेवा, समितीला बरं वाटतं. तेलुगूत समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. "अक्का, इथं सही करा" एवढं पुरतं. ओळख करून द्यायला विडी ब्रँचमधल्या, म्हणजे पान-तंबाखू देऊन विड्या जमा करून घेणाऱ्या शाखेतल्या, कारकुनालाच न्या. उद्याचं पान-तंबाखू ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कोण नाही म्हणणार? मग 'सहभाग ऐच्छिक होता' असं खुशाल लिहा.

मुलाखत चांगली तासभर चालवा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, तेव्हा मांडीवरचं सूप थांबलं की तो तास तिच्या पदरचा गेला. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलच्या १९७९च्या अमेरिकी बेलमाँट अहवालात व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय अशी तीन तत्त्वं आहेत. तिसऱ्यापर्यंत वाचतं कोण! बिस्किटपुडा न्या.

कारकून गेल्यावर ती म्हणेल, "सर, ते मशीन बंद करा की." आणि मग तो मघाचा माणूस चांगल्या विड्याही छाटमध्ये, म्हणजे नापासात, कशा काढतो, ते सांगेल. मशीन लगेच बंद करा, शब्दाला जागा. बाहेर रिक्षात बसल्या बसल्या सगळं वहीत उतरवा आणि वर 'क्षेत्रीय नोंदी' लिहा. माणूस चिडला की भाषांची सरमिसळ फार मोकळी होते. असा उतारा सोडायचा नसतो. 'मशीन बंद झाल्यावर' असा रकाना फॉर्मात कुठे आहे?

तेलुगू येत नसेल तर रेकॉर्डिंग त्याच गल्लीतल्या एखाद्या होतकरू पोराला व्हॉट्सॲपवर टाका. सासूबद्दलच्या तक्रारी रात्रीपर्यंत सासूला कळतील, पण बोलणं कागदावर बिनचूक उतरेल. नाव मात्र बदला हं. 'सहभागी क्र. ७' करा आणि पुढे लिहा: वय ५२, विडी घरकुल, नवरा टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला, एका पायाने अधू, थोरली मुलगी नर्स. ओळखतंय कोण!

तिची वाक्यं अडखळण्यासकट जशीच्या तशी छापा. तुमचे प्रश्न तेवढे नीटनेटके करून घ्या.

व्हायवात नैतिकतेवर प्रश्न येईलच. संमतीपत्रं जोडली आहेत ते 'परिशिष्ट ब पाहावे' म्हणा. परीक्षक मान डोलावतील. त्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची असते, आणि त्याआधी शेंगाचटणी घ्यायची असते.