ब्रेकचे जुने पॅड फेकू नका रे, आधी बघा तरी!

"पॅड गेले, नवे टाकतो." नागाव-काशीदपासून तारकर्लीपर्यंत कुठल्याही गॅरेजात क्वाड बाइक, म्हणजे किनाऱ्यावर फिरवायची ती चारचाकी, नेऊन उभी करा, दहा मिनिटांत हे वाक्य कानावर पडतंच. अरे बाबा, पॅड गेले हे शेंबड्या पोरालाही कळतं. पॅडमागचा पत्रा चाकाच्या डिस्कवर घासल्याचा किर्रर्र आवाज अख्ख्या सुरूच्या बनात घुमतोय! का गेले, ते सांग ना. दिवाळीत टाकलेले पॅड नाताळच्या गर्दीआधीच संपतात तेव्हा दोष कोणाचा? पॅडचा, दुकानदाराचा, पर्यटकांचा, शनीच्या साडेसातीचा. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणाऱ्या चिमट्याचा, मात्र कधीच नाही. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे जुने पॅड निघाले की सरळ भंगाराच्या डब्यात. पंचनाम्याआधीच पुरावा गायब!

काढलेले दोन्ही पॅड शेजारी ठेवून बघायला अर्धं मिनिट लागतं. पिस्टनच्या (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा पॅड पत्र्याला टेकलाय आणि पलीकडच्यावर अजून 3 मिमी माल आहे? तर कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकत नाहीये. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर मागे सरकून बाहेरच्याला ओढत नाही, म्हणजे एकटा पॅड दोघांचं काम करतोय. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, नारळ सोलायच्या पाचरीसारखा? दोनपैकी एक पिन जाम आहे. दोन्ही सारखेच झिजलेत पण डिस्कवर निळसर झाक आहे? ब्रेक सुटतच नाहीये, सतत घासतोय. दोन्हींवर नांगरल्यासारखे चर आहेत? ती वाळू. चार प्रकारची झीज, चार वेगळी कारणं, आणि उपाय मात्र सगळ्यांना एकच: नवे पॅड. ताप आला तरी तेच, पाय मोडला तरी तेच औषध!

पिनांचं घ्या. पिनेवरचा रबरी बूट, म्हणजे टोपण, फाटला की खारं पाणी आत शिरतं, पिनेवर गंज धरतो. पिन बाहेर काढून गंज घासायचा, खड्डे पडले असतील तर पिनच बदलायची, बूट नवा घालायचा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. हरभऱ्याएवढं पुरे. पाटाला तूप थापावं तसं थापलं तर भोकात हवा कोंडते आणि पिन पूर्ण आत जातच नाही. चेसिसचं साधं ग्रीस लावू नका, म्हणून कितीदा सांगायचं? त्याने रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. पण डबा हाताशी असतो ना, मग बोट बुडवलं की काम झालं.

पिस्टनचा प्रकार याहून वाईट. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग तिथे नसतेच. चौकोनी कापाचं रबरी सील ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येताना पिस्टनला केसभर मागे घेतं, एवढाच काय तो सगळा खेळ. समुद्रकाठी अॅल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये सीलच्या खाचेत पांढरी भुकटी साचते. ती सीलला मागून ढकलते, सील पिस्टनला आवळून धरतं, आणि तो केसभर मागे येणं बंद होतं. म्हणजे ब्रेक कायम अर्धवट लागलेला. मग पॅड टिकणार कसे? खाच साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर घालणाऱ्यांच्या तोंडार शिरा पडो! एक ओरखडा पडला की कॅलिपर गळायला लागतो. माडाच्या हिराची काडी घ्या, घराघरात आहे, फुकट आहे, धातूला चरा पाडत नाही. सील नवंच घालायचं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर तोही नवा.

नवे पॅड बसत नाहीत म्हणून वाळूने माखलेला पिस्टन पान्याने रेटून आत ढकलायचा, ही आणखी एक कला. आतली वाळू सीलखाली जाते आणि पुढच्या पॅडच्या मरणाची तारीख त्याच दिवशी ठरते. आधी लिव्हर हळूच दाबून पिस्टन थोडा बाहेर घ्या, उसळून पूर्ण निघू नये म्हणून मध्ये लाकडाची ढपली ठेवा, ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने गोल पुसा, मगच ढकला. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या वरच्या टाकीकडेही लक्ष ठेवा, काठोकाठ भरलेली असेल तर ऑइल बाहेर सांडून रंग खातं.

आणि तपासायला काही लॅपटॉप लागत नाही. गाडी न्यूट्रलला घ्या, मागचा भाग उचलून जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवा. मागे सलग एक्सल असेल तर दोन्ही चाकं अधांतरी हवीत. चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. अडतंय? अडलेलं असतानाच कॅलिपरचा ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, किंचित सैल करा. दोन थेंब उडाले आणि चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडलाय, म्हणजे गुन्हेगार वर आहे: होज (ऑइलचा रबरी पाइप) किंवा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ऑइलला दाब देणारा). निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर गुन्हेगार कॅलिपरमध्येच, पिना किंवा पिस्टन. पहिल्या प्रकारात निपल बंद करून ब्रेक पुन्हा एकदा दाबायचा, आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइपाचा बोल्ट सैल करायचा. तिथे चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर, नाही सुटलं तर होज आतून सुजलाय. बोल्ट परत कसताना तांब्याचे वॉशर नवे घालायचे आणि हवा काढायची. एवढं सगळं करायला एक चहा थंड होईल इतकाच वेळ लागतो. तरी पॅडच बदलायचे!

मास्टर सिलिंडरचा रोग बहुतेकदा आपणच लावलेला असतो. पर्यटकाने गाडी उलटवून लिव्हर मोडली की कुठल्यातरी मोटरसायकलची लिव्हर ठोकून बसवतात. ती आतल्या पिस्टनला जरा जरी दाबून राहिली तरी टाकीत ऑइल परत जायचं बारीक भोक झाकलं जातं. मग गरम होऊन फुगलेलं ऑइल जाणार कुठे? ते पॅड दाबत बसतं, त्याने डिस्क आणखी तापते, ऑइल आणखी फुगतं. पायाच्या ब्रेकचंही तेच. "ब्रेक वरच लागला पाहिजे" म्हणून रॉड आवळत नेतात आणि पेडलला सुट, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल, ठेवतच नाहीत. सुट हवी म्हणजे हवी! किती, ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते पुस्तक सीटखाली भिजून लगदा झालेलं असतं, ही वेगळी तक्रार.

बरं, पर्यटक. अंगठ्याने रेस दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ब्रेक, असंच चालवतात, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. बऱ्याच लहान गाड्यांत पार्किंगचं लॉक ब्रेकच्या लिव्हरवरच असतं, ते तसंच लागलेलं ठेवून गाडी निघते. फेरीचे पैसे घेताना "आधी अंगठा सोडा, मग ब्रेक" एवढं बोलायला जीभ झडते का? आणि रीलसाठी लाटांतून गाडी काढायला प्रोत्साहन देणारेही आपणच. पाणी आणि वाळू मिळून घासायची पेस्टच तयार होते. वाळूतल्या गारेच्या कणांची कठिणता मोह्स मापावर 7, काच तिच्यापुढे साडेपाच. तिथे पॅड आणि डिस्कची काय कथा!

धुण्याबद्दल तर बोलूच नये, पण बोलतोच. संध्याकाळी गाडी आली की डिस्क निवू द्यायची आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने, साध्या धारेने कॅलिपर दोन्ही बाजूंनी धुवायचा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर शेवटची बादली तरी गोड्या पाण्याची. मग थोडं चालवून ब्रेक हलके दाबत सुकवायचं. आपल्याकडे काय होतं? एक तर काहीच नाही, किंवा प्रेशरचा फवारा बूटवर रोखून वाळू आत. आणि त्यावर कळस म्हणजे गंज धरू नये म्हणून खालून जळकं ऑइल आणि डिझेल फवारायचं, डिस्क न झाकता! पॅड ते पितात, ब्रेक लागत नाही म्हणून माणूस दुप्पट दाबतो, आणि तेल लागलेलं रबर फुगून कॅलिपर आवळतो. तेल प्यालेला पॅड घासून, जाळून परत बसवू नका, तो गेला.

पॅड घ्यायचेच तर वाळू-चिखलात ऑर्गॅनिकपेक्षा (राळेत बांधलेल्या तंतूंचे) सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून-दाबून केलेले) टिकतात. डिस्कला जरा कडक पडतात, तरी किनाऱ्यावर तेच परवडतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअर लावून बघा. त्याखाली गेलेल्या, चर पडलेल्या डिस्कवर नवा पॅड बसवणं म्हणजे खवणीवर साबण घासणं.

आणि पावसाळा! जूनमध्ये धंदा बंद झाला की गाडी न धुता, पार्किंग ब्रेक ओढून, ताडपत्रीत गच्च गुंडाळून पडवीत. चार महिने दमट हवेत पॅड डिस्कला गंजाने चिकटतात, ब्रेक ऑइल ओलावा पितं. डॉट 4 या जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा प्याल्यावर 155 चाच भरवसा. ब्रेक मोकळा सोडून चाकाला चिरा लावायला काय होतं? ऑक्टोबरात पॅड काढून डिस्कचा गंज एमरी पेपरने घासायला, सीलबंद बाटलीतलं नवं ऑइल भरायला किती वेळ लागतो? ते नाही. गिअर टाकायचा, रेस दाबायची आणि चिकटलेलं चाक खाडकन सोडवायचं. पॅडचा माल पत्र्यापासून सुटून डिस्कलाच चिकटून राहतो, आणि गॅरेजवाला कोरा पत्रा हातात घेऊन म्हणतो, "बघा, डुप्लिकेट माल होता."